‘मॅडम, मला एकटीलाच प्रोजेक्ट करू द्या’

एका वाचक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देत आहे.

‘मी उद्योजकता हा विषय शिकवते. वर्गात ५४ मुलं आहेत, सहा-सहाचे ९ गट केलेत. प्रत्येक गटाने एक व्यवसायकल्पना निवडून सत्राच्या शेवटी ती मांडायची आहे. निम्मे तास ऑनलाइन असतात, म्हणून प्रत्येक गटाला व्हॉट्सॲप ग्रुप, गूगल डॉक्समध्ये एक सामाईक फाइल आणि मिरोवर (सगळ्यांना एकत्र चिठ्ठ्या लावता येतात अशा ऑनलाइन साधनावर) एक फळा असं सगळं करून दिलं. पहिला आठवडा उत्साहात गेला. तिसऱ्या आठवड्यात बिझनेस मॉडेल कॅनव्हास भरायला दिला आणि तिथून गाडं अडलं. आता सहा आठवडे झालेत, दहा उरलेत. बहुतेक गटांत एकच जण लिहितो, बाकीचे अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळे होतात. मिरोचा फळा ओस पडलाय. मी दुसरा एखादा प्लॅटफॉर्म वापरू का? कोणी किती मेसेज टाकले, किती वेळा फाइल उघडली यावर गुण देऊ का? गेल्या आठवड्यात वर्गातली एक हुशार मुलगी तास संपल्यावर थांबली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “मॅडम, मला एकटीलाच प्रोजेक्ट करू द्या. तसाही मीच करतेय.” तिला काय सांगू?’

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी शेवटच्या वाक्यावर बराच वेळ अडले. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण तिला काय सांगायचं हे बाकीच्या सगळ्यावर अवलंबून आहे. एक मात्र आत्ताच म्हणते. ती हट्टी नाही. आणि तिच्या गटातले बाकीचे पाच जण आळशी आहेत असंही मला वाटत नाही.

नव्या प्लॅटफॉर्मबद्दल विचारलंत. शोधू नका. आहेत त्यांतलाच एक बंद करा, कोणता ते पुढे सांगते. त्याआधी आपण मुलांना काम काय दिलंय ते बघू, कारण माझ्या मते दुखणं तिथे आहे.

बिझनेस मॉडेल कॅनव्हास हा अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांचा आराखडा तुम्हाला माझ्याइतकाच पाठ असेल. एका पानावर ९ रकाने. ग्राहक कोण, त्यांना काय देणार, त्यांच्यापर्यंत कसं पोहोचणार, त्यांच्याशी नातं कसं राखणार, पैसे कुठून येणार, हाताशी काय लागेल, रोज काय करावं लागेल, सोबत कोण लागेल आणि खर्च किती. सहा मुलांच्या हातात ९ रकाने दिले की दहा मिनिटांत वाटणी होते. ‘तू ग्राहक घे, मी खर्च घेतो, ती पार्टनर लिहील.’ जो तो आपापल्या घरी आपापला रकाना भरतो आणि आदल्या रात्री एक जण सगळं शिवून काढतो. असा एक कॅनव्हास माझ्यासमोर आला होता. ग्राहकांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एकटे राहणारे, ऐंशीच्या पुढचे लोक’. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या रकान्यात होतं, ‘इन्स्टाग्राम रील’. दोन्ही रकाने लिहिणाऱ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. एकमेकांचं वाचण्याची मात्र त्यांना गरजच पडली नव्हती.

गरज, या एका शब्दाभोवती सगळं फिरतं. जे काम एका हुशार मुलीला एका रात्रीत एकटीने उरकता येतं, त्यात बाकीच्या पाच जणांना करण्यासारखं काही उरतच नाही. ती मुलं गप्प बसतात ते काही अंशी शहाणपणानेच. त्यांना दिसतं की आपण लिहिलेलं ती पुसून नीट करणार आहे. मग लिहा कशाला? मिरो असो, ट्रेलो असो, पॅडलेट असो, एकटीने होणारं काम कुठेही नेलं तरी ते एकटीच करणार.

म्हणून रकाने वाटू नका. ज्यांच्याशी जाऊन बोलायचं ती माणसं वाटा. प्रत्येकाकडे असं काहीतरी येऊ दे, जे गटात दुसऱ्या कोणाकडेच नाही.

ही कल्पना माझी नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली तेव्हा ताण फार होता. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. ज्या मुलाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं त्याचं म्हणणं कान देऊन ऐकावं लागलं, कारण त्याच्याजवळचा तुकडा दुसरीकडे कुठे मिळणारच नव्हता. जिगसॉ वर्ग म्हणतात तो हाच. उद्योजकतेत तर धड्याचे तुकडे आपण करायचीही गरज नाही. ग्राहक ही गोष्टच तुकड्यातुकड्यांनी कळते.

मी हा विषय शिकवत होते तेव्हाच्या एका गटाचं सांगते. चार जण होते. वृद्धांना औषधाच्या वेळेची आठवण करून देणारी, वेळ झाली की वाजणारी डबी त्यांना करायची होती. पहिल्या दिवसापासून चौघेही त्या आवाजाच्या प्रेमात. मी अट घातली की प्रत्येकाने एकट्याने दोन वृद्धांशी बोलायचं आणि त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत, आपण सुधारून न लिहिता, एका सामाईक तक्त्यात टाकायची. मग ऑनलाइन भेटायचं. मी त्या कॉलवर गप्प बसून होते. पहिली वीस मिनिटं चर्चा कशावर? आवाज किती मोठा हवा, घंटी हवी की गाणं, आवाज बंद करायचं बटण कुठे हवं. तक्ता सगळ्यांच्या समोर उघडा होता. त्यात एका आजींचं वाक्य होतं, ‘विसरत नाही गं मी. झाकणच उघडत नाही, म्हणून राहून जाते.’ दुसऱ्या मुलाच्या ओळीत होतं, ‘अर्धी गोळी मोडायला जावं तर चुराच होतो.’ तिसऱ्याने एका आजोबांबद्दल लिहिलं होतं की पट्टीतून गोळी बाहेर काढणं जमत नाही, म्हणून मुलगा आला की ते सगळ्या गोळ्या काढून एकाच डबीत ओतून घेतात. त्या चौघांत एक मुलगी फारशी बोलत नसे. कॉलवरही ती बोलली नाही. तिने चॅटमध्ये एक ओळ टाइप केली, ‘तीन ओळींत बोटांचाच त्रास आहे.’

सगळे थांबले. मग पहिल्यांदाच चौघांनी एकमेकांच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच. पुढचे दोन महिने ते एका बोटाने उघडता येईल अशा झाकणाच्या मागे लागले. कोण लिहितो आणि कोण अंगठा दाखवतो हा प्रश्न त्या गटात पुन्हा आला नाही, कारण प्रत्येकाच्या ओळीवाचून बाकीच्यांचं अडत होतं.

ती पहिली वीस मिनिटं मी कधी विसरले नाही, आणि पुढे त्यामागचं कारणही वाचायला मिळालं. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी प्रतिनिधीच्या पदासाठी गटांनी चर्चा करून उमेदवार निवडायचा होता. माहिती अशी वाटली होती की काही गोष्टी गटातल्या सगळ्यांना माहीत आणि काही एकेकट्यालाच. सगळं एकत्र केलं असतं तर सर्वांत चांगला उमेदवार उघड दिसत होता. तरी बहुतेक गटांनी भलताच उमेदवार निवडला, कारण चर्चा होत राहिली ती सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकट्याजवळची गोष्ट एकट्याजवळच राहिली. माणसाचा स्वभावच असा आहे की दुसऱ्याने मान डोलावली की आपल्याला बरं वाटतं, आणि मान डोलते ती ओळखीच्या गोष्टीला.

ऑनलाइन काम इथे खरोखर उपयोगी पडतं. वर्गात जो आधी बोलतो त्याच्याच मागे चर्चा जाते. फाइलमध्ये मात्र सगळ्यांनी आधी आपापलं लिहिलेलं असू शकतं, बोलणं नंतर. तुमच्या गटांसाठी मी असं करीन. एक साधा गूगल फॉर्म, त्यात चार प्रश्न. कोणाशी बोललात (नाव नको, वय आणि परिस्थिती पुरे), ते नेमकं काय म्हणाले, त्यांनी बोलताना काय करून दाखवलं आणि तुम्हाला कशाचं नवल वाटलं. तिसऱ्या प्रश्नाकडे मुलं दुर्लक्ष करतात, पण सोनं तिथेच सापडतं. उत्तरं येतील तो तक्ता तुमच्याकडे राहू दे आणि ठरलेल्या वेळी गटासाठी उघडा. दुसऱ्याचं वाचून आपलं लिहिण्याची सोयच राहत नाही. आणि ज्याने लिहिलं नाही त्याची ओळ तक्त्यात दिसतच नाही, त्यासाठी तुम्हाला कोणाला रागवावं लागत नाही. ज्यांच्याशी मुलं बोलणार त्यांचे फोटो आणि आवाज त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा.

किती माणसांशी बोलायला लावायचं? उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात उद्योजकतेचा जो अभ्यासक्रम सुरू केला त्यात गटाला आठवड्याला दहाएक ग्राहकांशी बोलायला लागतं, आणि काय कळलं ते दर आठवड्याला सगळ्या वर्गापुढे मांडावं लागतं. तुमच्या मुलांना इतर विषयही आहेत. आठवड्याला प्रत्येकी एक माणूस, पण नीट. सहा जणांच्या गटाला दहा आठवड्यांत साठ माणसं होतात, ती थोडी नाहीत.

आता गटाच्या आकाराबद्दल. सहा जण हा आकडा मला मोठा वाटतो, विशेषतः ऑनलाइन. मॅक्स रिंगेलमान हे फ्रेंच कृषी अभियंते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून किती जोर लागतो ते मोजलं आणि १९१३ मध्ये ते छापलं. एकट्याने ओढताना जो जोर लागतो तो पूर्ण धरला, तर ८ जण मिळून ओढताना माणशी जोर त्याच्या निम्म्यावर येतो. थोडा भाग तोल आणि ताल न जुळण्याचा असतो. पण पुढच्या लोकांनी हा प्रयोग वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिला तेव्हा दिसलं की सोबत बाकीचे आहेत एवढं नुसतं वाटलं तरी माणूस हात सैल सोडतो. तुम्हाला उपयोगी पडेल ती गोष्ट याच्याही पुढची आहे. १९८१ मध्ये विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने यांनी लोकांना गटात मोठ्याने ओरडायला लावलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं कळल्यावर कोणी कसर ठेवली नाही.

सत्राच्या मध्यात गट मोडून नवे करायला मी सांगणार नाही. मनं दुखावतात आणि आधीच्या आठवड्यांचं काम वाया गेल्यासारखं वाटतं. प्रत्येक गटाचे तीन-तीनचे दोन भाग करा. कल्पना एकच, पण दोन्ही भाग वेगवेगळ्या तऱ्हेच्या ग्राहकांकडे जातील आणि आठवड्यातून एकदा एकमेकांची निरीक्षणं वाचतील. तिघांत लपायला जागा राहत नाही, आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की तिघांत बुजरं मूलही बोलतं.

मेसेज मोजून गुण देण्याबद्दल विचारलंत. कृपा करून देऊ नका. ही चूक मी स्वतः केली आहे. एका वर्षी मी जाहीर केलं की आठवड्याला किमान पाच वेळा चर्चेत भाग घेतल्याशिवाय सहभागाचे गुण नाहीत. पाच वेळा सगळ्यांनी घेतला. ‘छान.’ ‘सहमत.’ ‘मलाही असंच वाटतं.’ रविवारी रात्री अकरा ते बारा या तासात फोन थांबता थांबेना. मला हवी होती चर्चा, मी मोजले मेसेज, आणि मुलांनी मला मेसेज दिले. त्यांचं काही चुकलं नाही.

गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास तुम्ही बघत असाल. कोणी कधी काय लिहिलं ते त्यात दिसतं. बघा, पण त्यावरून निकाल देऊ नका. एखादा मुलगा तीन माणसांना भेटून येतो, रस्त्यात उभा राहून मैत्रिणीला फोनवर सगळं सांगतो आणि ती टाइप करते. इतिहासात नाव तिचं. उलट, शेवटच्या रात्री सगळ्यांचे फॉन्ट सारखे करणाऱ्याच्या नावावर दोनशे बदल दिसतात. मी तो इतिहास गटासमोर उघडायची आणि विचारायची, ‘हा परिच्छेद गुरुवारी होता, शुक्रवारी गेला. काय झालं होतं?’ या प्रश्नावर मुलं मोकळी बोलतात. ‘तू काहीच केलं नाहीस’ म्हटलं की तोंडं मिटतात.

गुण द्यायचेच असतील तर गटातल्या मुलांनाच एकमेकांबद्दल विचारा, आणि दोनदा विचारा. पहिल्यांदा आत्ता, गुणांशिवाय. दुसऱ्यांदा शेवटी, गुणांसकट. प्रश्न एकच. ‘तुझ्या गटातल्या प्रत्येकाने केलेली एक गोष्ट लिही, जी त्याने केली नसती तर तुझं काम अडलं असतं.’ एखाद्याबद्दल पाचही जणांना काहीच आठवलं नाही, तर ते तुम्हाला सहाव्या आठवड्यात कळतं, सोळाव्यात नाही. त्याला बाजूला घेऊन बोलायला वेळ असतो. अनेकदा कारण वेगळंच निघतं. एका मुलाबद्दल असं आलं तेव्हा मी त्याला बोलावलं. त्याच्याकडे फोन होता, पण डेटा महिन्याच्या विसाव्या तारखेला संपायचा. हे त्याने गटात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कसं?

म्हणूनच मिरोचा फळा बंद करा म्हणते. फळा वाईट नाही. मोठ्या पडद्यावर, पुरेसं इंटरनेट असताना त्यावर काम करायला मजा येते. पण गटातल्या एकाकडे जरी फक्त छोटा फोन असेल तरी त्या फळ्यावर तो बघ्या होतो. दोन बोटांनी आत-बाहेर करत चिठ्ठी शोधेपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असतात. गटाने ते साधन वापरावं जे सर्वांत साध्या फोनवर नीट उघडतं. एक फाइल, त्यात वर निरीक्षणांचा तक्ता, खाली ठरलेल्या गोष्टी. एवढ्यावर सत्र निघतं.

व्हॉट्सॲप मुलं वापरणारच, वापरू देत. पण तुम्ही त्या ग्रुपमधून बाहेर पडा. तुम्ही तिथे असलात की ती मोकळी बोलत नाहीत, आणि रात्री बाराला ‘मॅडम, हे चालेल का?’ सुरू होतं. शिवाय ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. कोणा मुलीला किंवा मुलाला ते नको असेल तर तिने किंवा त्याने कारण न सांगता बाहेर राहिलेलं चालेल, असं आधीच सांगून ठेवा. एक नियम मात्र पक्का करा. जे फाइलमध्ये लिहिलेलं नाही ते ठरलेलं नाही. नाहीतर गप्पांच्या ओघात कोण काय म्हणालं हे चार दिवसांनी कोणालाच सापडत नाही, आणि ज्याची आठवण पक्की त्याचाच शब्द शेवटचा ठरतो.

आणखी एक लहान वाटणारी सवय. तुमच्या गटांच्या फाइलमध्ये कुठेतरी हे वाक्य नक्की सापडेल, ‘हा भाग कोणी घेणार का?’ त्याखाली तीन अंगठे असतील आणि भाग कोणीच घेतलेला नसेल. सगळ्यांना विचारलेलं कोणालाच विचारलेलं नसतं. मुलांना नाव घेऊन मागायला शिकवा. गूगल डॉक्समध्ये टिप्पणी लिहिताना समोरच्याचं नाव जोडून काम त्याच्याकडे सोपवता येतं, त्याला तसा ईमेल जातो. ‘झाकण उघडण्याबद्दल तुझ्या आजोबांनी काय करून दाखवलं ते दोन ओळींत लिहिशील? बुधवारपर्यंत हवंय, गुरुवारी मी चित्र काढायला बसणार आहे.’ कोणाला, काय, कधीपर्यंत आणि का. मोठ्या माणसांनाही हे जमत नाही, आणि पुढे ज्यांना धंदा करायचा आहे त्यांना रोज हेच करावं लागणार आहे. एक तास यासाठी खर्च करा. मुलांना खरीखुरी मागणी लिहायला लावा आणि एकमेकांच्या मागण्या वाचून दाखवा.

ऑनलाइन भेटी छोट्या ठेवा, पंचवीस मिनिटांच्या. पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, सगळ्यांनी तक्ता वाचायचा. मग प्रत्येकाने एकेक वाक्य. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती नको. संशोधक अनिता वुली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ लोकांचे छोटे गट करून पाहिलं, तेव्हा गटातल्या सर्वांत हुशार माणसाच्या हुशारीवर गटाचं यश फारसं अवलंबून दिसलं नाही. बोलण्याची पाळी सगळ्यांना मिळते का आणि समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का, यावर अधिक होतं. २०१४ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी फक्त चॅटवर बोलणारे गट घेऊन पुन्हा तपासलं. चेहरा दिसत नसतानाही मनातलं ओळखणारे लोक असलेले गट तितकेच सरस ठरले. चॅटमधल्या त्या एका ओळीची मला तेव्हा आठवण झाली.

उद्योजकतेच्या वर्गात आणखी एक अडचण असते, जी इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या वर्गात येत नाही. मुलांना वाटतं आपली कल्पना चोरीला जाईल. म्हणून गट दुसऱ्या गटापासून लपवतात, आणि क्वचित गटातल्या गटातही. त्यांना दडपून टाकू नका, ही भीती खरी आहे. एक पान लिहून घ्या. सत्र संपल्यावर कल्पना पुढे न्यायची झाली तर कोण नेणार, बाकीच्यांना विचारायचं का, निरीक्षणं कोणाला वापरता येतील. अर्ध्या तासाचं काम आहे. ते कागदावर आलं की मुलं निवळतात आणि मग दुसऱ्या गटाला ‘तुमच्या ग्राहकांसारखे दोघं माझ्या ओळखीचे आहेत, बोलणार का?’ असंही आपणहून विचारतात.

आता त्या मुलीबद्दल.

तिला टीमवर्कचं महत्त्व सांगू नका. सहा आठवडे ती तेच एकटीने वाहतेय. तिला बसवून विचारा, तू कोणाकडे काय मागितलंस, आणि काय आलं. मला वाटतं दोन गोष्टी निघतील. काही ठिकाणी तिने नाव घेऊन मागितलेलंच नसेल, भिडेपोटी. आणि काही ठिकाणी कोणीतरी खरंच काही पाठवलं असेल, पण ते तिच्या मनासारखं नव्हतं म्हणून तिने रात्री बसून नव्याने लिहिलं असेल. हे तिला दोष देण्यासाठी विचारायचं नाही. चांगलं काम करणाऱ्या माणसाला अर्धवट काम बघवत नाही, आणि गुण सगळ्यांचे मिळून असतात तेव्हा तिला भीती वाटणं साहजिक आहे.

म्हणून आधी ती भीती तुम्ही काढून घ्या. तिला स्पष्ट सांगा की कोणाचा भाग आला नाही तर ती जागा रिकामी ठेवायची, आणि त्यासाठी तिचा एकही गुण जाणार नाही. हे तोंडी सांगू नका, लिहून द्या. मग तिच्याकडून एक कबुली घ्या. दोन आठवडे ती दुसऱ्याने लिहिलेलं पुसणार नाही. बदल सुचवायचा तर सूचना म्हणून, मूळ लिहिणाऱ्याने मान्य केला तरच. दोन आठवड्यांनीही तिला एकटीनेच करायचं असेल तर करू द्या. मनापासून करू द्या, शिक्षा म्हणून नाही. काही मुलांना त्या वयात ते जास्त जमतं, आणि एकट्याने उभे केलेले व्यवसायही असतातच.

पहिला आठवडा तुमच्यासाठीही अवघड जाणार आहे. गट सादर करायला येईल आणि एक स्लाइड खरंच कोरी असेल. वर कोणाचं तरी नाव आणि खाली काही नाही. वर्ग शांत होईल आणि सवयीने सगळ्यांची नजर तिच्याकडे वळेल. तुम्ही वळवू नका. ज्याचं नाव त्या स्लाइडवर आहे त्याच्याकडे बघा, न रागावता विचारा, ‘तू कोणाशी बोललास?’, आणि तो बोलेपर्यंत थांबा.